टक्केवारीपलीकडचा ताळेबंद : वापरलेल्या बॅटऱ्यांतील धातूंच्या रासायनिक पुनर्प्राप्तीची चिकित्सा

प्रस्तावना

सोनाराच्या दुकानातील केरात, पायपुसण्यात आणि भट्टीच्या राखेतही सोने-चांदी असते, हे ज्ञान महाराष्ट्रातील कारागिरांना फार जुने आहे. तो केर विकत घेऊन धुणारा, चाळणारा आणि गाळणारा झारेकरी हा धातूंच्या पुनर्प्राप्तीचा आद्य व्यावसायिक होय. कोल्हापूरची गुजरी आणि हातकणंगले तालुक्यातील हुपरीचा चांदी व्यवसाय पाहणाऱ्यास कणाकणाचा हिशेब ठेवण्याची ही वृत्ती नवी वाटणार नाही. मात्र या हिशेबात एक बाजू नेहमीच कोरी राहिली. तेजाबात धातू विरघळवताना उठणारा तांबूस धूर कोणाच्या छातीत गेला आणि उरलेले आम्लाचे पाणी कोणत्या गटारात गेले, याची नोंद झारेकऱ्याच्या वहीत नव्हती. हाती आलेली चांदी तेवढी मोजली गेली.

वापरलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांतून कोबाल्ट, निकेल, लिथियम इत्यादी धातू रासायनिक मार्गाने परत मिळवण्याविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत जे विपुल संशोधनपर लेखन झाले, त्याची चिकित्सा करताना या कोऱ्या बाजूचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. या लेखनाचे यश बहुधा एकाच संख्येत सांगितले जाते : अमुक धातूची ९५ टक्के, ९८ टक्के, ९९ टक्के पुनर्प्राप्ती. ही संख्या खोटी नसते, पण ती अपुरी असते. टक्केवारी हा फलिताचा एक अंश आहे, संपूर्ण ताळेबंद नव्हे. प्रस्तुत विवेचनात एक गाजलेला प्रयोग, एक शासकीय तंत्रज्ञान आणि एक नियमावली यांचा या दृष्टीने परामर्श घेतला असून, अखेरीस कोल्हापूर परिसराच्या संदर्भात त्याचा अर्थ तपासला आहे.

१. ‘मौल्यवान’ या विशेषणाची अस्थिरता

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासातील मूलभूत कार्याबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आरंभीच्या पिढीतील या बॅटऱ्यांचे धनाग्र लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे होते. अणुभारांवरून साधे गणित मांडले, तर या संयुगात वजनाने सुमारे ६० टक्के कोबाल्ट आणि ७ टक्के लिथियम असते. साहजिकच पुनर्प्राप्तीच्या आरंभीच्या संशोधनात कोबाल्ट हाच नायक ठरला. प्रक्रियेचा खर्च, आम्लाचा प्रकार, तापमानाची निवड हे सर्व त्याच्या किमतीच्या आधारावर समर्थनीय ठरत गेले.

तथापि धनाग्राची रचना पुढे बदलत गेली. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट सम प्रमाणात असलेल्या संयुगात कोबाल्टचा वाटा सुमारे २० टक्के होता. निकेल आठ भाग आणि उरलेले दोन्ही धातू एकेक भाग असलेल्या नंतरच्या संयुगात तो ६ टक्क्यांवर आला. लिथियम लोह फॉस्फेट या धनाग्रात तर कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही; तेथे लोह ३५ टक्के आणि लिथियम अवघे ४.४ टक्के आहे. विजेवरील बस, तीनचाकी आणि घरगुती वीजसाठा यांत याच प्रकारच्या बॅटऱ्यांचा वापर वाढत आहे. याचा अर्थ असा की, आज वापरात येणारी बॅटरी आठ-दहा वर्षांनी निकामी होईल, तेव्हा तिच्यातून काय मिळेल या प्रश्नाचे उत्तर जुन्या मोबाइलच्या बॅटरीवरील प्रयोगांतून मिळणार नाही.

किमतीचा आधारही स्थिर नाही. २०२२ च्या अखेरीस लिथियम कार्बोनेटच्या किमती उच्चांकावर होत्या. २०२४ पर्यंत त्या ८० टक्क्यांहून अधिक घसरल्या. ज्या प्रक्रियेचे समर्थन केवळ धातूच्या बाजारभावावर उभे असते, तिचे भवितव्य बाजारभावाबरोबरच वर-खाली होते. ‘मौल्यवान धातूंची पुनर्प्राप्ती’ या शब्दप्रयोगातील विशेषण निसर्गाने दिलेले नसून बाजाराने दिलेले आहे. बॅटरीतील घातक द्रव्यांची विल्हेवाट मात्र भाव पडला तरी लावावीच लागते. या दोन उद्दिष्टांची गल्लत हा या विषयावरील लेखनातील पहिला दोष म्हणता येईल.

२. प्रयोगशाळेतील यश : काय मोजले, काय मोजायचे राहिले

प्रक्रियेचे सर्वसाधारण स्वरूप परिचित आहे. बॅटरी प्रथम विद्युत्भारमुक्त करतात, तोडतात, चूर्ण करतात. तांबे, ॲल्युमिनिअम, पोलाद आणि प्लास्टिक वेगळे काढल्यावर धनाग्र व ऋणाग्रांची जी काळी भुकटी उरते, तिला उद्योगात ब्लॅक मास म्हणतात. उच्च तापमानाच्या भट्टीत ही सामग्री वितळवण्याचा मार्ग जुना असून त्यात कोबाल्ट, निकेल आणि तांबे मिश्रधातूच्या रूपाने हाती येतात. लिथियम मात्र मळीत जाते. रासायनिक मार्गाचा मुख्य दावा येथेच आहे. त्यात भुकटी आम्लात विरघळवून, म्हणजे निक्षालन करून, द्रावक निष्कर्षण व अवक्षेपण यांच्या साहाय्याने प्रत्येक धातू वेगळा काढता येतो आणि लिथियमही वाचते. हा दावा रास्त आहे.

परंतु त्याची दुसरी बाजू पदवीच्या विद्यार्थ्यालाही मांडता येईल इतकी सोपी असून फार थोड्या निबंधांत मांडलेली दिसते. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या एका रेणूमागे, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सान्निध्यात, सल्फ्युरिक आम्लाचे दीड रेणू लागतात. एक किलो शुद्ध धनाग्र-भुकटी घेतली, तर समीकरणानुसारच दीड किलो सल्फ्युरिक आम्ल आणि सुमारे १७५ ग्रॅम पेरॉक्साइड खर्च होते. पुढे कोबाल्ट हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसवण्यास सुमारे ८२० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि लिथियम कार्बोनेट मिळवण्यास सुमारे ५४० ग्रॅम धुण्याचा सोडा लागतो. म्हणजे एक किलो भुकटीसाठी किमान तीन किलो रसायने आली. प्रत्यक्षात आम्ल आणि पेरॉक्साइड गरजेपेक्षा अधिक वापरले जातात, तेव्हा हा आकडा वाढतोच.

हाती काय आले? सुमारे ६०० ग्रॅम कोबाल्ट आणि ७० ग्रॅम लिथियम, ज्याचे लिथियम कार्बोनेट सुमारे ३७५ ग्रॅम भरेल. आणि मागे काय उरले? आम्लातील सर्व सल्फेट अखेरीस सोडिअम सल्फेट होऊन पाण्यात उतरले. त्याचे वजन सुमारे २ किलो १८० ग्रॅम. मिळालेल्या धातूंच्या तिपटीहून अधिक मीठ निर्माण झाले, ही गोष्ट ‘९९ टक्के’ या आकड्यातून कळत नाही. अवक्षेपणाऐवजी सायानेक्स २७२ सारख्या निष्कर्षकाने कोबाल्ट वेगळे केले, तरी या गणितात मूलभूत फरक पडत नाही. निष्कर्षक धातूचा आयन घेतो तेव्हा हायड्रोजन आयन सोडतो. सामू राखण्यासाठी ते कॉस्टिक सोड्याने मारावे लागतात, आणि पुढे निष्कर्षकातून धातू उतरवून घेण्यास आम्ल पुन्हा लागते.

तुलनेसाठी एक प्रमाण घेता येईल. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी २०१६ च्या मानकांत, नदीत सोडावयाच्या पाण्यातील विरघळलेल्या स्थिर घन पदार्थांची मर्यादा लिटरमागे २१०० मिलिग्रॅम आहे. एक किलो भुकटीतून निघालेले मीठ या मर्यादेत बसवायचे, तर त्याला हजार लिटरहून अधिक पाणी लागेल. पाणी घालून सांडपाणी पातळ करणे हा अर्थातच उपाय नव्हे. भार किती आहे याची कल्पना यावी म्हणूनच ही तुलना. पाणी आटवून मीठ वेगळे काढणे हा खरा मार्ग. परंतु एक लिटर पाण्याची वाफ करण्यास, उष्णतेचा पुनर्वापर केला नाही, तर सुमारे ०.६३ युनिट ऊर्जा लागते. ती ऊर्जाही पुनर्प्राप्तीच्या खर्चात धरली पाहिजे.

याशिवाय बॅटरीच्या विद्युत्अपघटनीत असलेले लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट पाण्याच्या संपर्कात हायड्रोजन फ्लुओराइड हा अत्यंत दाहक वायू देते. बॅटरी मिठाच्या पाण्यात बुडवून विद्युत्भारमुक्त करण्याची, प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी रीत टाकी-दोन टाक्यांपुरती निरुपद्रवी वाटते. तीच रीत टनांच्या प्रमाणात वापरली, तर क्लोराइड व फ्लुओराइडयुक्त पाण्याचा आणखी एक प्रवाह निर्माण होतो. या प्रवाहाचे मोजमाप बहुधा ‘प्रारंभिक तयारी’ या एका वाक्यात संपते.

३. ‘हरित’ निक्षालनाची परीक्षा

खनिज आम्लांच्या या मर्यादा जाणूनच सायट्रिक, मॅलिक, ॲस्कॉर्बिक अशा सेंद्रिय आम्लांचा पर्याय पुढे आला. या दिशेतील एक बहुचर्चित निबंध २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ हॅझर्डस मटेरियल्स’ या नियतकालिकात चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केला. सायट्रिक आम्लाची तीव्रता १.२५ मोलर, तापमान ९० अंश, वेळ ३० मिनिटे, लिटरमागे २० ग्रॅम भुकटी आणि अल्प हायड्रोजन पेरॉक्साइड, अशा परिस्थितीत जवळजवळ संपूर्ण लिथियम आणि ९० टक्क्यांहून अधिक कोबाल्ट विरघळल्याचे त्यात नोंदवले आहे. प्रयोग काटेकोर होता आणि विषारी वायू न सोडणारे आम्ल वापरूनही निक्षालन साधते हे त्याने सिद्ध केले. त्याचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न निर्माण होतो तो या परिस्थितीचे वजनात रूपांतर केल्यावर. लिटरमागे २० ग्रॅम म्हणजे एक किलो भुकटीला ५० लिटर द्रावण. १.२५ मोलर द्रावणाच्या प्रत्येक लिटरात सुमारे २४० ग्रॅम सायट्रिक आम्ल असते. म्हणजे एक किलो भुकटीमागे १२ किलो सायट्रिक आम्ल, आणि ते सर्व ९० अंशांवर तापवलेले. या आम्लाचे नंतर काय होते? ते पुन्हा वापरता आले, तर प्रक्रिया खरोखर स्तुत्य ठरेल. ते वाया गेले, तर एक किलो सायट्रिक आम्लाच्या संपूर्ण ऑक्सिडीकरणाला सुमारे पाऊण किलो ऑक्सिजन लागतो या हिशेबाने १२ किलो आम्ल पाण्यातील सुमारे ९ किलो प्राणवायूवर आपला हक्क सांगेल. जैवविघटनशील पदार्थ निरुपद्रवी असतो, ही समजूत नदीच्या बाबतीत खरी नाही. विघटन करणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. साखर आणि आसवनी उद्योगांच्या शेजारी राहणाऱ्या कोल्हापूरकरांस हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही.

सायट्रिक आम्ल मळीच्या किण्वनातूनही तयार होते. त्यामुळे साखर कारखानदारीच्या या जिल्ह्यात ‘मळीतून आम्ल आणि आम्लातून कोबाल्ट’ अशी आकर्षक कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. ती त्याज्य नाही, पण तिची परीक्षा आम्लाच्या स्रोतावर संपू शकत नाही. ‘हरित’ हे विशेषण आम्लाच्या जातीला लावायचे की संपूर्ण प्रक्रियेच्या हिशेबाला, हा येथील निर्णायक प्रश्न आहे. पहिला पर्याय सोपा असल्याने लेखनात तोच रूढ झाला.

४. घोषित तंत्रज्ञान : शुद्धतेचा प्रश्न

प्रयोगशाळेतून उद्योगाकडे जाणाऱ्या वाटेवरील एक भारतीय उदाहरण येथे घेणे उपयुक्त ठरेल. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘सी-मेट’ या संस्थेच्या हैदराबाद येथील ई-कचरा उत्कृष्टता केंद्रात लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रणाचे तंत्रज्ञान विकसित झाले आणि २०२३ मध्ये ते नऊ उद्योग व नवउद्यमांकडे हस्तांतरित करण्यात आले. निक्षालन आणि द्रावक निष्कर्षण यांवर ते आधारलेले असून लिथियम, कोबाल्ट, मँगनीज व निकेल यांची ९५ टक्क्यांहून अधिक पुनर्प्राप्ती, ऑक्साइड व कार्बोनेट स्वरूपात आणि सुमारे ९८ टक्के शुद्धतेने होते, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. सरमिसळ बॅटऱ्या स्वीकारण्याची त्याची क्षमता भारतीय भंगार बाजाराच्या वास्तवाशी सुसंगत आहे. देशी तंत्रज्ञान अल्प खर्चात छोट्या उद्योगांच्या हाती देण्याचे धोरणही स्वागतार्ह आहे.

तथापि ९५ आणि ९८ या दोन संख्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. नवी बॅटरी बनवण्यास लागणाऱ्या लिथियम कार्बोनेटची शुद्धता साधारणतः ९९.५ टक्के किंवा त्याहून अधिक अपेक्षित असते. ९८ आणि ९९.५ यांतील दीड टक्क्याचे अंतर कागदावर क्षुल्लक दिसते. रसायनशास्त्रात मात्र शेवटचा दीड टक्काच सर्वांत महाग असतो. त्यासाठी पुन्हा विरघळवणे, पुन्हा स्फटिक करणे, पुन्हा धुणे आले आणि प्रत्येक पायरीवर थोडा धातू व पुष्कळ पाणी खर्ची पडले. ते अंतर ओलांडले नाही, तर परत मिळालेला पदार्थ बॅटरीत न जाता काच, मृत्तिका, रंगद्रव्ये अशा दुय्यम उपयोगांकडे वळतो. हा उपयोग निषिद्ध नव्हे, पण त्याला बॅटरीचे ‘चक्र’ पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. बॅटरीसाठी लिथियम तरीही परदेशातूनच आणावे लागेल.

टक्केवारीच्या पायाविषयीही असाच विवेक आवश्यक आहे. एखाद्या निबंधातील ९९ टक्के हे निक्षालनाच्या पात्रात गेलेल्या भुकटीचे असतात, बाजारात विकल्या गेलेल्या बॅटऱ्यांचे नव्हे. उदाहरणादाखल समजा की शंभरांतील पन्नास बॅटऱ्या गोळा झाल्या, तोडणी-चाळणीत ९० टक्के भुकटी हाती आली, निक्षालन ९९ टक्के झाले आणि पृथक्करण व शुद्धीकरण या दोन टप्प्यांवर ९५-९५ टक्के यश मिळाले. या सर्वांचा गुणाकार ४० टक्के भरतो. साखळीतील सर्वांत दुबळी कडी निक्षालनाची नाही, संकलनाची आहे. असे असताना संशोधनाची बहुतांश शक्ती ९८ चे ९९ करण्यात खर्च होत असेल, तर विषयाच्या निवडीचाच फेरविचार करावा लागेल.

५. नियमांची टक्केवारी

भारतात २००१ चे बॅटरी नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्यांची जागा घेतली आणि सुट्या उपकरणांच्या, वाहनांच्या, औद्योगिक तसेच विद्युत् वाहनांच्या सर्व प्रकारच्या बॅटऱ्या उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीखाली आणल्या. ही मोठीच प्रगती होय. सुट्या उपकरणांच्या आणि विद्युत् वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी, शुष्क वजनाच्या प्रमाणात, २०२४-२५ मध्ये ७० टक्के, २०२५-२६ मध्ये ८० टक्के आणि २०२६-२७ पासून ९० टक्के पदार्थ परत मिळवण्याचे बंधन या नियमांत आहे. नव्या बॅटऱ्यांत पुनर्प्राप्त पदार्थांचा किमान वाटा ठेवण्याचीही तरतूद आहे.

उद्दिष्ट महत्त्वाकांक्षी आहे; त्याचे माप मात्र स्थूल आहे. हे प्रमाण बॅटरीच्या एकूण वजनावर बेतलेले असून धातूनिहाय नाही. बॅटरीत पोलाद, ॲल्युमिनिअम, तांबे आणि ग्रॅफाइट यांचे वजन अधिक, तर लिथियमचा वाटा साधारणपणे एक ते तीन टक्के. ९० टक्क्यांचे बंधन काटेकोर पाळूनही उरलेल्या दहा टक्क्यांत सगळे लिथियम मावू शकते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी विनियमाशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. तेथे एकूण वजनाचे प्रमाण भारतापेक्षा सौम्य आहे : लिथियम बॅटऱ्यांसाठी २०२५ अखेर ६५ टक्के आणि २०३० अखेर ७० टक्के. परंतु धातूंसाठी स्वतंत्र आकडे आहेत. २०२७ अखेर कोबाल्ट, निकेल, तांबे आणि शिसे प्रत्येकी ९० टक्के व लिथियम ५० टक्के, तर २०३१ अखेर तेच अनुक्रमे ९५ व ८० टक्के. एका व्यवस्थेने एकूण वजनावर भर दिला, दुसरीने धातूच्या ओळखीवर. दुसरी दृष्टी रसायनशास्त्राशी अधिक प्रामाणिक आहे.

पुनर्चक्रण करताना निर्माण होणाऱ्या घातक कचऱ्याची व्यवस्था २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार करावी, असे २०२२ चे नियम सांगतात. म्हणजे त्या बाजूकडे दुर्लक्ष झालेले नाही. ती दुसऱ्या वहीत लिहिली आहे. दोष दोन वह्या असण्यात नाही. पुनर्प्राप्तीचा टक्का एका वहीत आणि त्यासाठी निर्माण झालेले मीठ दुसऱ्या वहीत राहिल्याने, कमी रसायनांत कमी टक्का देणारी प्रक्रिया आणि अफाट रसायनांत अधिक टक्का देणारी प्रक्रिया यांची तुलना कोणीच करत नाही. कागदावर दुसरीच श्रेष्ठ ठरते.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेस मंजुरी दिली. या पैशातून नवे कारखाने उभे राहतील तेव्हा त्यांच्या प्रक्रियांची निवड कोणत्या निकषावर होते, हा प्रश्न केवळ पांडित्याचा राहत नाही.

६. कोल्हापूरचा संदर्भ

कोल्हापूर हे धातूंचे गाव आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांनी भंगारातून नवे लोखंड घडवण्याची परंपरा निर्माण केली. वापरलेल्या वाळूचे पुनरुद्धरण ही कल्पनाही या उद्योगाला परकी नाही. शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अधिक रेणुभाराच्या अमाइनांच्या साहाय्याने धातूंच्या द्रव-द्रव निष्कर्षणावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. एन-ऑक्टिलॲनिलीनसारख्या अभिकारकांनी मौल्यवान धातूंचे पृथक्करण हा त्यातील महत्त्वाचा भाग. याच विद्यापीठातील पातळ पटले आणि महासंधारित्रे यांवरील कार्यही सर्वपरिचित आहे. धातू ओळखणारे कारागीर, वेगळा करणारे रसायनशास्त्रज्ञ आणि विद्युत्अग्रे घडवणारे पदार्थवैज्ञानिक एका शहरात असणे ही दुर्मिळ अनुकूलता होय. पदार्थ घडवण्याच्या शास्त्राइतकीच प्रतिष्ठा तो उलगडण्याच्या शास्त्रास मिळाली, तर या विषयात येथून मौलिक कार्य होऊ शकते.

परंतु कोल्हापूर हे नदीचेही गाव आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या प्रवाहांनी पुष्ट झालेली पंचगंगा शहराला वळसा घालून, इचलकरंजीवरून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. शहरांचे सांडपाणी, साखर उद्योग आणि वस्त्रोद्योगातील प्रक्रिया यांचा भार ती आधीच वाहत आहे. तिच्या काठावरच्या इचलकरंजीला पिण्याच्या शुद्ध पाण्यासाठी प्रथम वारणेकडे आणि नंतर दूधगंगेकडे पाहावे लागले आणि त्या त्या नदीकाठच्या गावांशी संघर्ष उद्भवला. एका नदीचे पाणी बिघडले की दुसऱ्या नदीवर भांडण उभे राहते, याचे याहून ठळक उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही.

या पार्श्वभूमीवर सोडिअम सल्फेटचा प्रश्न पुन्हा पाहावा. कापडरंगणीत, विशेषतः रिॲक्टिव्ह रंगांच्या वापरात, हे मीठ ग्लॉबर सॉल्ट या नावाने खपते. तेव्हा बॅटरी-प्रक्रियेतील मीठ शुद्ध करून इचलकरंजीच्या रंगणीत द्यावे, ही सूचना व्यवहार्य भासते. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल होईल. मात्र रंगणीत हे मीठ संपत नाही. ते कापडात न राहता रंगाच्या पाण्याबरोबर बाहेर येते आणि जैविक प्रक्रियेने पाण्यातून निघत नाही. त्यात निकेल वा कोबाल्टचा अंश राहिला असेल, तर तोही बरोबर प्रवास करतो. एवढेच घडेल की कारखान्यातून थेट नदीत न जाता मीठ एक थांबा घेऊन नदीत जाईल. रंगणीचे पाणी आटवून मीठ पुन्हा वापरण्याची सोय असेल, तरच ही सूचना अर्थपूर्ण ठरते.

यावरून पुनर्प्राप्तीच्या प्रयत्नांना विरोध असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक होईल. जगातील सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येते आणि तेथील खाणींत माणसांना, मुलांनाही, ज्या स्थितीत राबावे लागते ती जगजाहीर आहे. भारत लिथियम, कोबाल्ट आणि निकेल यांच्यासाठी परदेशांवर अवलंबून आहे. निकामी बॅटऱ्या कचऱ्याच्या ढिगात पेटणे किंवा बंद खोलीत हातोड्याने फोडल्या जाणे हे कोणत्याही नियंत्रित रासायनिक प्रक्रियेपेक्षा घातक आहे. प्रश्न पुनर्प्राप्ती करावी की नाही हा नाही. तिची किंमत कोणाच्या खात्यावर मांडली जाते हा आहे. काँगोतील गावाचे ओझे उतरवून ते शिरोळ तालुक्यातील गावावर ठेवणे याला शाश्वतता म्हणता येणार नाही.

७. अपेक्षित ताळेबंद

महाविद्यालयीन स्तरावर या विषयावरील प्रकल्प आणि लघुशोधनिबंध वाढत आहेत. एक जुनी बॅटरी, थोडे आम्ल, एक वर्णपटमापी आणि शेवटी टक्केवारीचा आलेख, असा त्यांचा साचा बनत चालला आहे. या साच्याला दोष देण्यापेक्षा त्यात भर घालणे अधिक फलदायी ठरेल. त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. तराजू आणि वही पुरेशी आहे.

प्रत्येक अभ्यासात किमान चार गोष्टींची नोंद असावी. एक, एक किलो भुकटीमागे लागलेली सर्व रसायने, पाणी आणि ऊर्जा. दोन, मिळालेल्या पदार्थाचे वजन व शुद्धता, तसेच त्या शुद्धतेला तो नेमक्या कोणत्या उपयोगाचा आहे याचे विधान. तीन, उरलेले द्रावण, गाळ, वायू आणि मीठ यांचे प्रमाण व त्यांची व्यवस्था. येणे आणि जाणे यांची बेरीज जुळते की नाही याची पडताळणी. चार, आम्ल व निष्कर्षक किती वेळा पुन्हा वापरता आले आणि प्रत्येक वेळी त्यांची कार्यक्षमता किती घटली. या चार नोंदी नसतील, तर ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द शीर्षकात वापरण्याची मुभा मार्गदर्शकाने व परीक्षकाने देऊ नये, अशी शिस्त लागली, तर लेखनाचा दर्जा उंचावेल.

या शिस्तीचा दुसरा लाभ म्हणजे संशोधनाच्या विषयांचा विस्तार. लोह फॉस्फेट बॅटरीतून लोखंड न विरघळवता केवळ लिथियम कसे काढावे, धनाग्राची रचना न मोडता त्याचे थेट पुनरुज्जीवन करता येईल का, सोडिअम सल्फेटचे विद्युत्विश्लेषण करून आम्ल व अल्कली परत मिळवता येतील का, हे प्रश्न टक्केवारीच्या चौकटीत गौण दिसतात आणि ताळेबंदाच्या चौकटीत अग्रभागी येतात. तोडणीपूर्वी बॅटरीचा प्रकार ओळखणे हा वरवर यांत्रिक वाटणारा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो, कारण सरमिसळ जितकी अधिक तितके रसायन अधिक. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून वाहनांच्या बॅटऱ्यांना घटकांची माहिती देणारे डिजिटल पारपत्र बंधनकारक होत आहे, त्यामागील एक कारण हेच होय.

समारोप

वापरलेल्या बॅटऱ्यांतून धातू परत मिळवण्याचे रसायनशास्त्र आता सिद्ध झाले आहे. आम्लात कोबाल्ट विरघळते, निष्कर्षकाने ते निकेलपासून वेगळे होते आणि सोड्याने लिथियम खाली बसते. याविषयी आणखी शंभर निबंधांनी नवे ज्ञान मिळेलच असे नाही. सिद्ध व्हायचे आहे ते हे की, ही पुनर्प्राप्ती पाणी न बिघडवता, मिठाचे डोंगर न उभारता आणि भाव पडल्यावरही चालू राहील अशा रीतीने करता येते. २०१० च्या प्रयोगातील द्रावणाचे आकारमान, २०२३ च्या तंत्रज्ञानाची शुद्धता आणि २०२२ च्या नियमांतील वजनाचे माप या तिन्ही ठिकाणी एकच उणीव आढळते : काय मिळाले ते सांगितले जाते, कशाच्या बदल्यात मिळाले ते सांगितले जात नाही.

धातूच्या कणाचे मोल जाणणाऱ्या आणि नदीच्या पाण्याचे मोल आता जाणू लागलेल्या कोल्हापूरसारख्या परिसरातील अध्यापकांनी व संशोधकांनी ही उणीव भरून काढण्यास पुढे यावे, हे स्वाभाविक आहे. पुनर्प्राप्तीच्या प्रत्येक निबंधात मिळकतीच्या रकान्याशेजारी खर्चाचा रकाना उघडला गेला, तर ‘मौल्यवान’ या शब्दात धातूबरोबर पाण्याचाही समावेश होईल.